हातचा

कास्त्रोच्या शाळेत रात्रीचे साडेनऊ.
खांबांवरच्या घरांखालचं पाणी ओसरलंय,
बोटी चिखलात कुशीवर झोपल्यात,
आणि मी गट क्रमांक चार उघडून बसलेय :
‘आमच्या बेटाचे आवाज’.
एक नकाशा, त्यावर एकोणीस टिंबं,
टिंबावर बोट ठेवलं की बेट बोलतं.

देखणं आहे.
यास्नाने समुद्र जांभळा केलाय.
का जांभळा, ते लिहायला रकाना नाही.

रकाने चारच. आशय, मांडणी, साधनांचा वापर
आणि ज्याला मी दरवर्षी घाबरते तो शेवटचा :
एकत्र काम.

पूर्वी पुठ्ठे यायचे. डिंकाचे ओघळ,
कुणाच्या नखात शाई, कुणाच्या बाहीला भुसा,
पोरांकडे नुसतं बघून वाटा कळायचा.
आता फाईलच चहाडी करते.
एक कळ दाबली की कोण किती वाजता येऊन
काय खरडून गेलं, सगळं रंगीत :
यास्ना बार्रिया, दोनशे अकरा बदल.
रायेन, चौसष्ट.
दानिलो, नऊ. त्यातले सात स्वतःचं नाव नीट लिहिण्यात.
एलिएसेर चिग्वाय, शून्य.

समन्वयक बाई म्हणतात, आकडा असावा,
पालक भांडायला आले की पुढे करता येतो.

दोनशे अकरा उलगडून पाहिले.
निम्मे तर अक्षरं ठळक करण्याचे, पुन्हा बारीक करण्याचे.
पण मंगळवारी रात्री एक पस्तीसला
तिने रायेनचा अख्खा परिच्छेद पुसलाय,
आणि एक छत्तीसला परत आणलाय.
त्या एका मिनिटाला गुण किती?

मग हेडफोन लावला.
पहिलं टिंब : फेरीबोटीचा भोंगा.
पाचवं : छपराच्या लाकडी फळ्या तासणारा कुणीतरी.
सातवं : तापल्या दगडांवर उघडणारे शिंपले,
आणि एका म्हातारीचा आवाज,
‘एलिएसेर, सरक रे, ओल्यात उभा आहेस.’

थांबले. मागे घेतलं.
‘एलिएसेर, सरक रे.’

मग तो सगळीकडेच ऐकू यायला लागला.
अकराव्यात कुंपणाला अडकून फाटलेली विजार, हळूच एक शिवी.
चौदाव्यात वाऱ्याकडे पाठ फिरवताना जॅकेटची सळसळ.
प्रत्येक आवाजामागे श्वास, जरासा घरघरता.
एकोणीस ठिकाणं,
त्यातल्या सहा गावांना तर बसही जात नाही.

बेरीज शिकवताना आपणच सांगतो ना पोरांना,
हातचा वर बारीक लिहा,
उत्तर आलं की खोडून टाका.

शेवटचं टिंब चुकाओ पक्ष्याचं.
झाडीत दडणारा, तांबूस गळ्याचा.
इथली माणसं मानतात,
उजवीकडून ओरडला तर खुशाल पुढे जावं,
डावीकडून ओरडला तर मुकाट घरी फिरावं.
सत्तेचाळिसाव्या सेकंदाला श्वास थांबतो.
म्हणजे पोराने धरून ठेवलाय,
पाखराच्या आवाजात आपली भेसळ नको म्हणून.
बारा सेकंद. माझाही धरून मोजले.
मग चुकाओ ओरडला,
दोन्ही कानांत अगदी सारखा.
साधा फोन तो, एकाच कानाचा,
त्याला कुठलं येतंय उजवं-डावं करायला.
मागोमाग खोकला, आणि फाईल संपली.

चौथ्या रकान्यात कर्सर लुकलुकतोय.
चार लिहिले. खोडले. पुन्हा चार.
उद्या यास्ना विचारेल, मग माझे किती?
आणि तिचंही काही चुकणार नाही,
जांभळा समुद्र काही आपोआप झालेला नाही.
कोपऱ्यात माझंच नाव उगवलंय :
आत्ताच, सहा बदल.

रकाना तसाच ठेवून झाकण मिटलं.
हजेरीच्या वहीत, मागच्या पानावर,
पेन्सिलीने लिहिलं :
चिग्वाय. खोकला. आईला फोन.